धनी बदलला आहे: रोजच्या मोहाला तारणाच्या सामर्थ्याने तोंड कसे द्यावे

आमच्या विदर्भात मोह हे एका झाडाचेही नाव आहे. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली फिकट पिवळ्या फुलांचा सडा पडतो आणि गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बायाबापड्या अंधार असतानाच टोपल्या घेऊन वेचायला निघतात. फूल गोड असते. वाळवून ठेवले तर घरात कितीतरी दिवस खायला होते. तेच फूल कुजवून भट्टीवर चढवले की घर बुडवणारी दारू तयार होते. फूल देवाने केले, भट्टी माणसाने लावली.

याकोबाने आपल्या पत्रात मोहाचा प्रवास असाच सांगितला आहे. माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, भुलतो, मग वासना पापाला जन्म देते आणि वाढलेले पाप मरणाला जन्म देते (याकोब १:१४-१५). थकवा जावा, चार पैसे हातात यावेत, कोणी मान द्यावा, कोणी जवळ घ्यावे, या इच्छा म्हणजे फुलेच आहेत. भट्टी कुठे लागते, कधी लागते आणि तिथून पाय कसा काढायचा, ते या लेखात सांगतो आहे.

हे लिहितो आहे ते अशा भावाबहिणींसाठी, ज्यांनी प्रभू येशूवर विश्वास ठेवला आहे, बाप्तिस्मा घेतला आहे, जे रविवारी उपासनेला येतात आणि तरीही दर आठवड्याला त्याच खड्ड्यात पडून आतल्या आत झुरतात. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार आहे. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वडील (मंडळीची देखरेख करणारा सेवक) म्हणून सेवा करतो, पण पाळक नाही. जे सांगतो आहे त्यातले बरेचसे वावरात आणि गुडघ्यांवर शिकलेले आहे.

पहिली पायरी: तुमचे तारण कशापासून झाले, ते नीट ओळखा

इथे घाई करू नका. बाकीच्या सगळ्या पायऱ्या या एकीवर उभ्या आहेत.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, तारण म्हणजे मेल्यावर नरक चुकणे. ते खरेच आहे, पण तेवढेच धरून बसले की मरेपर्यंतचे दिवस आपल्याच बळावर काढावे लागतात. देवदूताने योसेफाला बाळाचे नाव येशू ठेवायला सांगितले तेव्हा कारणही सांगितले: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील (मत्तय १:२१). पापांच्या शिक्षेपासून तर तारीलच, पण तिथे शब्द आहे पापांपासून. पौल सुवार्तेला तारणासाठी देवाचे सामर्थ्य म्हणतो (रोमकरांस १:१६). तीताला लिहिताना तोच सांगतो की देवाची कृपा आपल्याला शिकवते: अभक्तीला आणि ऐहिक वासनांना नाही म्हणायला, आणि या चालू युगात मर्यादेने वागायला (तीत २:११-१२). चालू युगात म्हणजे या खरिपात, या बाजाराच्या दिवशी.

हे मला सगळ्यात चांगले समजले ते सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या गड्याच्या, उदाहरणावरून. आपल्याकडे पाडव्याला साल संपते. समजा, एक सालदार दहा वर्षे एका कठोर मालकाकडे राबला. त्याच्यावर उचल (आगाऊ घेतलेल्या पैशांचे कर्ज) होती, ती दुसऱ्या एका भल्या माणसाने पूर्ण फेडली आणि पाडव्याला त्याला आपल्याकडे घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे जुना मालक वाड्याच्या दारातून नेहमीसारखी हाक मारतो, "अरे, बैल सोड!" सालदार दचकून उठतो. पाय आपोआप तिकडे वळतात, कारण दहा वर्षांची सवय आहे. हाक खरी, आवाजही तोच, दरारा तोच. हक्क मात्र उरलेला नाही. सालदाराला फक्त एवढेच आठवायचे आहे की आपले साल कुठे आहे. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय या नजरेने वाचून पाहा. तिथे पौल धनी आणि दास यांचीच भाषा बोलतो: पापाची तुमच्यावर सत्ता चालणार नाही, कारण तुम्ही नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहात (६:१४).

मोह येतो म्हणजे आपले तारण झालेच नाही, असे समजू नका. जुना मालक हाक मारायची सोडत नाही. प्रभू येशूलाही मोह आला होता, आणि तो पापावाचून राहिला (इब्री ४:१५).

इथेच एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: माझे साल खरोखर बदलले आहे का? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत सांगितले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मिळालेला नव्हता. तो त्यांना सुमारे आठ वर्षांनी भेटला. रमाबाईंसारख्या विदुषीला हे कबूल करायला लाज वाटली नाही, तर आपल्याला का वाटावी? आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, आई-बाप मंडळीत होते, म्हणून आपण ख्रिस्ती, एवढ्यावर मोहाशी लढायला गेलात तर हराल. आज रात्री दार लावून गुडघे टेका आणि साध्या शब्दांत सांगा: "प्रभू येशू, तू वधस्तंभावर माझी उचल फेडलीस. मी माझे आयुष्य तुझ्या हाती देतो. आजपासून माझा धनी तूच." वहीत तारीख लिहून ठेवा. पुढे जुन्या मालकाची हाक येईल तेव्हा ती तारीख कामी येते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. दारूबंदीसाठी ज्या बायांनी मोर्चे काढले, त्यांच्या पाया पडावे असे मला वाटते. कायदा दुकान बंद करू शकतो आणि ते त्याने करायलाच हवे. पण पिणाऱ्याच्या घशातली तहान त्याला बंद करता येत नाही, म्हणून बाटली कुठून ना कुठून येतच राहते. पौल मोशेच्या नियमशास्त्राबद्दल हेच म्हणतो: नियम चांगला आहे, पण देहस्वभावामुळे तो दुबळा ठरला. जे त्याला जमले नाही ते देवाने आपल्या पुत्राला पाठवून केले (रोमकरांस ८:३). तेव्हा नुसत्या शपथांवर विसंबू नका. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा किती टिकतात, ते प्रत्येक गावाला माहीत आहे.

दुसरी पायरी: जागल करा

ज्याने रात्री वावरात जागल केली आहे त्याला ठाऊक असते की रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर कुंपणभर हिंडत नाहीत. त्यांची एक वाट ठरलेली असते. नाल्याकडची खिंड, बोराटीची काटी जिथे सरकली आहे ती जागा, आणि वेळही ठरलेली: राखणदाराचा डोळा लागतो ती. गेथशेमानेत प्रभूने शिष्यांना हेच सांगितले: जागे राहा आणि प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही परीक्षेत पडणार नाही; आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे (मत्तय २६:४१). ते बिचारे झोपले.

एक साधी वही घ्या. दोन आठवडे रोज रात्री दोन ओळी लिहा: आज मोह कधी आला, आणि त्याच्या आधी काय झाले होते. पडलो की नाही, तेही एका खुणेने टाका. वही कोणाला दाखवायची नाही, म्हणून खरे लिहा. दोन आठवड्यांनी वाचलीत की तुमची खिंड दिसेल. मला माझी दिसली तेव्हा आश्चर्य वाटले. माझा राग घरच्यांवर निघायचा तो बहुतेक वेळा कृषी केंद्रातून उधारीची चिठ्ठी घेऊन आलेल्या दिवशी. बायको-पोरांचा त्यात काही दोष नसायचा.

एका भावाची खिंड निघाली चुकाऱ्याचा दिवस. कापसाचे पैसे हातात पडले की तो घरी सरळ येतच नसे. एका बहिणीची निघाली दुपारची वेळ, निंदण करताना धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) पंगतीत दुसऱ्यांच्या सुनांची चर्चा सुरू होते ती. चहाडी हे लहान पाप आहे असे कोणी समजू नये. गावात जेवढी घरे दारूने मोडली, त्याच्या जवळपास जिभेने मोडली असतील, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: पहाटेच अवयव सोपवून द्या

ही पायरी छोटी आहे, पण चुकवू नका. पौल म्हणतो, आपले अवयव नीतीची साधने म्हणून देवाला समर्पण करा (रोमकरांस ६:१३). सकाळी हातपाय धुताना एकेक अवयव नाव घेऊन सोपवा. "प्रभू, हे डोळे तुझे. ही जीभ तुझी. हे पाय तुझे, आज बाजारात जिथे जातील तिथे तू ने." दोन मिनिटे लागतात. दिवसभरात त्या अवयवाला हाक आली की सकाळचे शब्द आठवतात.

चौथी पायरी: मोहाची पहिली पाच मिनिटे

मोहाचा जोर सारखा राहत नाही. तो चढतो, टोकाला जातो आणि आपण त्याला खायला घातले नाही तर उतरतो. पडणारी माणसे बहुतेक चढतानाच पडतात, कारण तेव्हा ती स्वतःशी वाद घालत उभी असतात. एकच घोट घेऊ की नको? एकदाच पाहू की नको? वाद घालणारा हरतो. त्या पाच मिनिटांत तीन गोष्टी या क्रमाने करा.

आधी पाय हलवा. जुन्या करारातल्या योसेफाचे वस्त्र त्याचा मिसरी धनी पोटीफर याच्या बायकोने धरले तेव्हा त्याने तिच्याशी चर्चा केली नाही. वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला (उत्पत्ती ३९:१२). त्याबद्दल त्याला बक्षीस काय मिळाले? तुरुंग. हे मुद्दाम लिहितो, कारण मोहाला नाही म्हटले की लगेच आशीर्वाद मिळतो अशी शिकवण काही ठिकाणी दिली जाते. कधी कधी नाही म्हणण्याची किंमत मोजावी लागते. पुढे देव त्याच्या बरोबर तुरुंगातही होता, हेही त्याच अध्यायात लिहिले आहे.

मग मोठ्याने प्रार्थना करा. मोठ्याने म्हणजे ओठ हलले पाहिजेत, कोणी ऐकले नाही तरी चालेल. लांब प्रार्थनेची ती वेळ नाही. "प्रभू येशू, मी तुझा आहे. मला इथून बाहेर काढ." एवढे पुरे.

आणि तिसरे, वचन म्हणा. अरण्यात प्रभूची तीन वेळा परीक्षा झाली आणि तिन्ही वेळा त्याने जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातले वचन पुढे केले (मत्तय ४:१-११). चाळीस दिवसांचा उपाशी माणूस, त्याच्यासमोर दगडांच्या भाकरी करण्याचा मोह, आणि उत्तर: मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही. हे वचन त्याला तोंडपाठ होते. आपल्याकडे मात्र पवित्र शास्त्र कपाटात आणि मोह खिशातल्या मोबाईलमध्ये, अशी स्थिती आहे.

म्हणून तुमच्या खिंडीला नेमके लागू पडेल असे एक वचन पाठ करा. दहा नकोत. संतापासाठी इफिसकरांस ४:२६, रागावा पण पाप करू नका, सूर्य मावळेपर्यंत राग धरून ठेवू नका. डोळ्यांच्या वासनेसाठी ईयोब ३१:१, आपण डोळ्यांशी करार केला आहे असे ईयोब सांगतो. पैशाच्या लोभासाठी पहिले तीमथ्य ६:९-१०. आणि सगळ्यांसाठी करिंथकरांस पहिले पत्र १०:१३: मनुष्याला सहन होणार नाही अशी परीक्षा तुमच्यावर आलेली नाही. देव विश्वसनीय आहे, तो शक्तीपलीकडे परीक्षा येऊ देणार नाही, आणि परीक्षेबरोबर बाहेर पडण्याचा मार्गही देईल. या वचनातला मार्ग शोधायचा असतो. मार्ग म्हणजे बहुतेक वेळा एक दार, एक सायकल, एक फोन, उठून बाहेर जाण्याचे एक निमित्त.

पाचवी पायरी: बाजाराच्या दिवसाची आखणी

लढाई रणावर सुरू होते तेव्हा तयारीची वेळ गेलेली असते. ज्या भावाची खिंड चुकाऱ्याच्या दिवशी होती, त्याने आणि त्याच्या बायकोने काय केले ते सांगतो, कारण ते कोणालाही करता येईल.

त्यांनी जिनिंगवाल्याला सांगून चुकारा रोख घेणे बंद केले आणि बँकेच्या खात्यात घेतला. खाते दोघांचे. कापूस घेऊन जाताना तो एकटा जात नाही. मंडळीतला एक भाऊ किंवा मोठा मुलगा गाडीत असतो. परतताना ज्या फाट्यावर दारूचा गुत्ता आहे तो रस्ता सोडून तो दोन किलोमीटर लांबून येतो. घरी पोहोचल्याबरोबर जेवण तयार असते, कारण उपाशी आणि थकलेल्या माणसाला मोह लवकर गाठतो. पहिल्या हंगामात तो दोनदा घसरला. दुसऱ्या हंगामात एकदाही नाही.

कोणी म्हणेल, हा तर व्यवहार झाला, यात पवित्र आत्म्याचे सामर्थ्य कुठे आहे? मी म्हणतो, लांबच्या रस्त्याने जायची इच्छा आणि नम्रता कुठून आली? देवच तुमच्यामध्ये इच्छा करणे आणि कृती करणे साधतो, असे पौल म्हणतो, आणि त्याच्या आदल्याच ओळीत सांगतो की भीत व कापत आपले तारण साधून घ्या (फिलिप्पै २:१२-१३). दोन्ही एकाच दमात सांगितले आहे. आपण एकाला धरून दुसऱ्याला सोडतो.

पोळ्याच्या करीचा दिवस, लग्नाची वरात, गावातली निवडणूक, हे दिवस आधीच ठाऊक असतात. त्या दिवशी कुठे असायचे ते आठवडाभर आधी ठरवा. पत्त्याचा डाव बसतो त्या वेळी मंडळीत भजनाचा कार्यक्रम ठेवता येतो. आमच्याकडे करीच्या दिवशी तरुण पोरे मिळून एखाद्या विधवेच्या घराची कौले फेरतात. "ये ना बे, एक घोटानं काय होते" म्हणणाऱ्या मित्राला शांतपणे सांगा, "नाही भाऊ, मी सोडली. चहा पाजतोस तर बसतो." त्याला पापी म्हणू नका, उपदेश करू नका. तो उद्याही तुमचा मित्र राहिला पाहिजे.

मोबाईलचे थोडक्यात. जुगाराची ॲप काढून टाका. रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि उठवायला घड्याळ ठेवा. इफिसात जादूटोणा करणाऱ्यांनी विश्वास धरल्यावर आपली पुस्तके सगळ्यांसमोर जाळली. त्यांची किंमत चांदीची पन्नास हजार नाणी भरली (प्रेषितांची कृत्ये १९:१९). विकून पैसे करू, असे त्यांना वाटले नाही. ॲपमध्ये शंभर-दोनशे रुपये शिल्लक आहेत म्हणून ते ठेवणाऱ्या पोरांनी हे वाचावे.

सहावी पायरी: धुरा परत द्या

ही पायरी सगळ्यात जड आहे, आणि मला ती सगळ्यात प्रिय आहे.

माझ्या वावराचा एक धुरा शेजारच्या काकांच्या वावराला लागून आहे. दरवर्षी वखरणीच्या वेळी मी वखर थोडा पलीकडे टेकवत असे. एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, कधी अर्धे. बाबांनी तेच केले होते, मी पुढे चालू ठेवले. बारा-तेरा वर्षांत अडीच फूट जमीन माझ्या बाजूला आली होती. मी तेव्हा मंडळीत वडील होतो, प्रभुभोजनाचा प्याला वाटत होतो. दारू मी कधी पीत नव्हतो, म्हणून स्वतःला मोहाच्या पलीकडचा समजत होतो.

एके सकाळी अनुवादाचे पुस्तक वाचताना आपल्या शेजाऱ्याची सीमा सरकवू नको (१९:१४) आणि सीमा सरकवणारा शापित (२७:१७) या दोन्ही ओळी एकाच बैठकीत समोर आल्या. पुस्तक मिटले. चार दिवस पुन्हा उघडले नाही. त्या चार दिवसांत मला कळले की मोह फक्त बाटलीत आणि बाईत नसतो. तो वखराच्या पासेवरही बसलेला असतो.

जक्कय जकातदाराची गोष्ट आठवली. तो उभा राहून म्हणाला की अर्धे द्रव्य गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झाले आहे (लूक १९:८-९). परत केल्यामुळे त्याला तारण मिळाले असे नाही. तारण घरात आले होते, म्हणून पेटी उघडली गेली.

पाचव्या दिवशी मी काकांकडे गेलो. ते ख्रिस्ती नाहीत, विठ्ठलाचे भक्त आहेत. हात जोडून सांगितले, "काका, मी तुमचा धुरा कोरला. जुना दगड जिथे होता तिथे पुन्हा लावू, आणि इतक्या वर्षांच्या पिकाचे जे होईल ते मी देतो." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले मालूम होतं बाप्पा. तुले कवा समजते, हेच पाहून राहिलो होतो." दोघांनी मिळून दगड उकरला. भरपाई म्हणून नेलेल्या तुरीच्या दोन पोत्यांपैकी एक त्यांनी परत पाठवले.

त्यानंतर वखर धरताना त्या बाजूला हात आपोआप आखडतो. परत दिल्याने मोहाची वाटच मोडते, हा माझा अनुभव आहे. तुमचाही एखादा धुरा असेल. वजन वाढावे म्हणून कापसावर मारलेले पाणी असेल, मस्टरवरची खोटी हजेरी असेल, भावाच्या हिश्शातली झाडे असतील. खोटा तराजू परमेश्वराला किळस आणतो, असे नीतिसूत्रांत आहे (११:१). एकदम सगळे परत करणे झेपत नसेल तर त्या माणसाशी बोलून हप्ते ठरवा. पण बोलणे पुढे ढकलू नका. आणि तुमच्या कबुलीने दुसऱ्या कोणाचे नाव उघडे पडत असेल किंवा कोणाचा संसार धोक्यात येत असेल, तर आधी एखाद्या समजूतदार पाळकाचा सल्ला घ्या.

सातवी पायरी: एकाला सांगा

पातके एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही निरोगी व्हाल (याकोब ५:१६). आपल्या लहान मंडळ्यांत याला सगळे घाबरतात, कारण सकाळी सांगितलेले संध्याकाळी पाणवठ्यावर पोहोचते. म्हणून सगळ्या मंडळीला सांगू नका. एकच माणूस निवडा: पुरुषाने पुरुष, बाईने बाई. त्याच्या तोंडून दुसऱ्याचे गुपित कधी ऐकले नसेल असा. आठवड्यातून एकदा भेटा, अर्धा तास पुरतो. तीन प्रश्न विचारायचे: या आठवड्यात कुठे मोह आला? कुठे पडलास? आत्ता माझ्याशी खरे बोललास का? मग प्रार्थना.

ऐकणाऱ्याला एक विनंती. पडलेल्या भावाला "मी तर तुला सांगितलेच होते" असे म्हणू नका. खोदून तपशीलही विचारू नका.

दारू अंगात भिनली असेल तर

रोज भरपूर पिणाऱ्याने प्रार्थना करून एका रात्रीत बाटली फोडली, अशा साक्षी आपण ऐकतो आणि त्याबद्दल देवाची स्तुती करतो. पण वर्षानुवर्षे रोज पिणारे शरीर दारू अचानक बंद झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांत बिघडू शकते. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, भास होतात, काहींना झटके येतात, आणि हे जिवावर बेतू शकते. त्याला सैतानाची बाधा समजून खोलीत कोंडू नका. सोडायचे ठरले की त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात न्या, डॉक्टरांना किती वर्षे आणि रोज किती, ते खरे सांगा. औषधे घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. लूक स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४).

निराशेचाही मोह असतो, आणि आमच्या भागात तो फार घरांत येऊन गेला आहे. नापिकी, कर्ज, सावकाराची भाषा, आणि रात्री कोणीतरी कानात सांगते की तू गेलास तर सगळे सुटतील. ते खोटे आहे. मागे राहिलेल्या बायकोला आणि लेकरांना मी पाहिले आहे. असा विचार आला तर त्या रात्री एकटे राहू नका. घरातल्या कोणाला तरी उठवा. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. फवारणीची औषधे घरात ठेवू नका, शेजाऱ्याच्या कोठ्यात कुलपात ठेवा. एलियासारखा संदेष्टाही रतामाच्या झुडपाखाली मरण मागून झोपला होता. देवाने त्याला रागावून उठवले नाही. आधी भाकरी दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले (पहिले राजे १९:४-८).

पडलात तर

पडाल. मीही पडतो. राग अजून माझी खिंड आहे.

पेत्र पडला ती जागा योहानाने बारकाईने सांगितली आहे. थंडी होती, वाड्यात चाकरांनी कोळशाची शेकोटी केली होती, पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता, आणि त्या रात्री त्याने प्रभूला तीनदा नाकारले (योहान १८:१५-२७). थंडीच्या दिवसांत चौकातल्या शेकोटीवर काय काय बोलून जातो, ते आपल्याला चांगले माहीत आहे. पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी प्रभूने पेत्राला बोलावले तेव्हा तिथेही कोळशाचा विस्तव पेटलेला होता, वर मासळी होती आणि भाकर (योहान २१:९). तीनदा नाकारणाऱ्याला तीनदाच विचारले: माझ्यावर प्रीती करतोस का? प्रभू त्याला पडलेल्या जागेसारख्याच जागी घेऊन गेला आणि तिथेच उभे केले.

म्हणून पडल्यावर पुढच्या रविवारची वाट पाहू नका. त्याच तासाला, त्याच जागी, शरम वाटत असतानाच नाव घेऊन पाप कबूल करा. तो विश्वासू व न्यायी आहे, क्षमा करील आणि शुद्ध करील (योहानाचे पहिले पत्र १:९). कोणाला दुखावले असेल तर झोपण्यापूर्वी क्षमा मागा. लेकराची मागायची असेल तर तीही मागा. माझी धाकटी सहा वर्षांची असताना मी तिच्यासमोर उकिडवा बसून माफी मागितली. ती म्हणाली, "बाबा, तुमी मंग काहून ओरडता?" याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. वहीत त्या रात्री लिहिले: उधारीची चिठ्ठी, दुपारपासून जेवण नाही. दुसऱ्या महिन्यापासून कृषी केंद्रात जाताना मी भाकरी बांधून नेतो, आणि परत आलो की घरात शिरण्याआधी कडुलिंबाखाली पाच मिनिटे बसतो. पोरांना आता ठाऊक झाले आहे. मी तिथे बसलो की ती लांबूनच पाहतात, आणि मी उठलो की धाकटी पाण्याचा गडवा घेऊन येते.